सुलभावहिनी पोचेपर्यंत

बुधवारी पहाटे पाचपासून भोपाळला पिपलानीच्या क्वार्टरमध्ये चार जाणती माणसं एका झाडूची वाट बघत बसली होती. झाडू स्वयंपाकघराच्या दारामागे आडवी ठेवलेली होती आणि सोमवार संध्याकाळपासून तिला कुणी हात लावला नव्हता.

प्रमिलेला आतून हसू येत होतं. पण हसायची सोय नव्हती, कारण समोर रजनीअक्का बसल्या होत्या. थोरली नणंद. बरखेड्याहून काल दुपारीच पिशवी घेऊन आल्या होत्या आणि पायरीवरूनच त्यांनी विचारलं होतं, "झाडलं नाही ना गं घर?"

पांढरीपांड्यांच्या घरात हे पहिल्यापासून होतं. माणूस गावाला गेलं की ते पोचल्याची खबर येईपर्यंत केर काढायचा नाही. झाडलं की गेलेल्याची वाट पुसली जाते म्हणे. नागपूर ते भोपाळ एवढ्यापुरतं हे सगळं ठीक होतं. सकाळी गाडीत बसलेलं माणूस संध्याकाळी पोचायचं, फार तर एक दिवस घर पारोसं राहायचं. पण प्रमिलेच्या थोरल्या जाऊबाई सुलभावहिनी निघाल्या होत्या लॉस एंजेलिसला, लेक कांचनच्या बाळंतपणाला, आणि या प्रवासाला घर किती वेळ पारोसं ठेवायचं याचा दाखला घरात कुणाकडेच नव्हता.

"दादांचा हिशेब झालाय," गजानन म्हणाला. प्रमिलेचा नवरा. कारखान्याच्या अकाउंट्समध्ये होता आणि थोरल्या भावाच्या हिशेबावर त्याचा स्वतःच्या हिशेबापेक्षा जास्त भरवसा होता. "सहाला विमान टेकतंय. टेन्शनच नाही."

दादांनी, म्हणजे सुलभावहिनींच्या नवऱ्याने, मनोहरभाऊजींनी मान हलवली. ते खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले होते, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. आज रजा टाकली होती. पंचवीस वर्षांत या माणसाने साध्या कारणासाठी रजा टाकल्याचं प्रमिलेला आठवत नव्हतं. गजाननाने तसं चेष्टेने म्हटलंही काल, तर म्हणाले, "शिल्लक होती, टाकली."

हिशेब मात्र खरोखर झाला होता. मुलाच्या, हेमंताच्या, शाळेच्या दिवसातला पृथ्वीचा गोल माळ्यावरून खाली आला होता आणि सुलभावहिनींच्या शिलाई मशीनचा पांढरा दोरा त्यावर गुंडाळून भाऊजींनी अंतर मोजलं होतं. दिल्ली ते सिंगापूर, तिथून समुद्रावरून लॉस एंजेलिस. अठरा हजार किलोमीटर. विमान तासाला नऊशे. म्हणजे वीस तास, त्यातही वारा पाठीशी असेल तर एकोणीस. हेमंताने आईला दिल्लीहून मंगळवारी सकाळी अकराच्या विमानात बसवलं होतं आणि फोन करून सांगितलं होतं, बाबा, बुधवारी पहाटे साडेपाचला उतरेल, तिथल्या वेळेनं.

तिथली वेळ तर भिंतीवरच होती. कारखान्याने पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल दिलेलं गोल घड्याळ भाऊजींनी कांचन अमेरिकेला गेली त्या आठवड्यात तिच्या वेळेवर लावून जुन्या घड्याळाशेजारी टांगलं होतं. घरात त्याला कांचनचं घड्याळ म्हणत. दोन्ही घड्याळांत बघायला गेलं तर फक्त अर्ध्या तासाचा फरक. अक्का आल्या की म्हणायच्या, "पोरगी काही लांब नाही बाई. अर्ध्या तासावर आहे."

आता कांचनच्या घड्याळात साडेपाच झाले. जुन्यात सहा. बाहेर नुकतं दिसायला लागलं होतं, ऑक्टोबरातली बारीक थंडी जाळीच्या दारातून आत येत होती आणि पहिल्या पाळीचा भोंगा वाजला.

"उतरली," भाऊजी म्हणाले.

मग भाऊजींनी प्रमिलेकडे पाहिलं. "झाडून घ्या आता. दोन दिवस नुसता उकिरडा झालाय घराचा."

"फोन येऊ दे की," अक्का म्हणाल्या.

"अक्का, विमान साडेपाचला उतरलं. फोन काय, ती सामान घेईल, बाहेर येईल, कांचनच्या घरी जाईल, तेव्हा येईल. आठ वाजतील. तोवर का असंच बसायचं?"

"आईने चार दिवस घर झाडलं नव्हतं. बाबा पहिल्यांदा भोपाळला आले तेव्हा."

हे प्रमिलेने लग्न झाल्यापासून ऐकलेलं होतं. सरकारी कचेऱ्या नागपूरहून भोपाळला हलल्या तेव्हा सासरे काशिनाथराव एक ट्रंक घेऊन पुढे आले आणि पोचल्याचं कार्ड नागपूरला जायला चार दिवस लागले. सासूबाईंनी, लीलावतीबाईंनी, चार दिवस घराला झाडू लावली नाही. शेजारणी नाकाला पदर लावून जायच्या म्हणे.

"तेव्हा फोन नव्हते," भाऊजी म्हणाले.

"तेव्हा भोपाळ अमेरिकेपेक्षा लांब होतं," अक्का म्हणाल्या. "आणि बाबा निघाले तेव्हा आई स्टेशनवर गेली होती."

हा बाण बरोबर लागला. सोमवारी संध्याकाळी सुलभावहिनींना स्टेशनवर पोचवायला सगळे गेले होते, एक भाऊजी सोडून. त्यांचं गुडघ्याचं दुखणं ऐनवेळी वर आलं. खरं दुखणं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, कांचनने भोपाळला यायचं, असं भाऊजींच्या मनात पक्कं होतं. तिला नोकरीतून जमेना, डॉक्टर नको म्हणाले, तेव्हा सुलभावहिनींनी पहिल्यांदाच नवऱ्याला न विचारता होकार देऊन टाकला. "माहेर उठून सासरी चाललंय," एवढं एकच वाक्य भाऊजी महिनाभर वेगवेगळ्या सुरात बोलले. निघताना वहिनी दारात थांबल्या. प्रमिलेने त्यांच्या हातावर दही घातलं. भाऊजी पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "पासपोर्ट पर्समध्ये ठेव, बॅगेत नको." झाला निरोप.

"प्रमिला, घे झाडू," भाऊजी म्हणाले.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. गजाननाने खांदे उडवले. "अब दादा म्हणतायत तर घे ना."

तिने झाडू घेतली. मनात म्हणाली, माझी काही यात बाजू नाही बाई, मी आपली झाडणारी. केर तरी काय, सगळा वहिनींच्या निघण्याचाच होता. झबल्यांच्या मऊ कापडाच्या कातरणी. बॅग बांधली त्या सुतळीचे तुकडे. सांडलेली बाळंतशोप, डिंकाच्या लाडवांचा भुगा, त्याला लागलेल्या मुंग्या. सुपलीत भरताना प्रमिलेला उगीचच भरून आलं. तिने सगळं मागच्या दाराबाहेरच्या बादलीत टाकलं आणि हात धुऊन चहा टाकला.

साडेसात वाजले. आठ वाजले. प्रमिलेने शिरा केला, वहिनी पोचल्या म्हणून. भाऊजींनी वाटीभर खाल्ला आणि कांचनच्या घरात किती खोल्या आहेत ते गजाननाला सांगत बसले. नऊ वाजले. फोन टेबलावर लोकरीच्या विणलेल्या रुमालाखाली गप्प होता.

"सामानाला वेळ लागत असेल," गजानन म्हणाला.

साडेनऊला भाऊजींनी फोन उचलून कानाला लावून पाहिला. लागत होता. दहाला परत पाहिला.

"सारखा उचलू नकोस," अक्का म्हणाल्या. "तेवढ्यात आला तर?"

गजानन आत-बाहेर करू लागला. पृथ्वीचा गोल टेबलावरच होता, त्याच्यावरचा दोरा अजून सोडलेला नव्हता, आणि निळ्या समुद्रावरून गेलेली ती पांढरी रेघ बघवेना म्हणून प्रमिलेने तो हळूच भिंतीकडे वळवून ठेवला. सकाळी झाडू तिच्याच हातात होती. फोन येऊ दे म्हणत होत्या अक्का, तरी तिने झाडलं. या असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही असं ती मैत्रिणींत म्हणायची, पण विश्वास नसलेलं माणूस गोल भिंतीकडे वळवून ठेवतं कशाला?

गजाननाने बाजू बदलली ती इथे. "दादा, अक्का म्हणत होती तसं थोडं थांबायला काय हरकत होती?"

"तूच म्हणालास टेन्शन नाही."

"मी तुमच्या हिशेबावर म्हणालो."

"हिशेबात चूक नाही," भाऊजी म्हणाले, पण आवाज खाली गेला होता.

अकराला ते उठले. जानव्याला बांधलेली किल्ली काढून त्यांनी फोनच्या डायलचं छोटं कुलूप उघडलं. कांचन गेल्यापासून परदेशी फोनची सोय घेतली होती आणि त्या दिवसापासून हे कुलूप होतं. नंबर लावताना त्यांचं बोट दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा लागला. मग ते एवढ्या मोठ्याने बोलायला लागले की शेजारच्या सरोजबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"कांचन? आई पोचली का?… नाही म्हणजे? अगं साडेपाचला… झोपली होतीस? आत्ता?"

मग बराच वेळ ते नुसतेच ऐकत होते. प्रमिला त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू कानापर्यंत लाल झाला. "हं," ते म्हणाले. "हं. मंगळवार. हो, कळलं. झोप तू. पाय उंच ठेवून झोप."

त्यांनी फोन ठेवला आणि कुलूप लावायला विसरले.

"तिथे अजून कालची रात्र आहे," ते म्हणाले. "मंगळवारचे रात्रीचे साडेदहा. सुलभा त्यांच्या बुधवारी पहाटे उतरणार. म्हणजे आपल्या आज संध्याकाळी. सहाला."

गजाननाने भिंतीकडे पाहिलं. कांचनच्या घड्याळात साडेदहा वाजले होते. रात्रीचे की सकाळचे, हे काही त्या काट्यांवर लिहिलेलं नव्हतं. बारा तासांची चूक सहा महिने भिंतीवर टिकटिक करत लटकत होती आणि घरात भाऊजींसारखा इंजिनियर असून कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

"पण वीस तास…" गजानन म्हणाला.

"सिंगापूरला विमान बदलायचं. तिथे दहा-बारा तास बसून राहायचं होतं. मी ते धरलंच नाही." भाऊजी खुर्चीत बसले. "सुलभाने सांगितलं होतं. मला आता आठवतंय. एकटी कशी बसू हो एवढा वेळ, असं म्हणत होती. मी पेपर वाचत होतो."

वहिनी सुखरूप होत्या, काही झालेलं नव्हतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडायला हवा होता आणि अर्धा पडलाही. पण उरलेला अर्धा तिथेच अडकला, कारण चौघांच्याही मनात एकदमच आलं की सुलभावहिनी या क्षणी कुठल्यातरी समुद्रावर आहेत आणि घर झाडून लख्ख झालंय.

आता अक्का बोलणार, असं वाटून प्रमिलेने मान खाली घातली. पण अक्का बोलल्या नाहीत. त्यांनी उठून भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवून घेऊ या," त्या म्हणाल्या. "प्रमिला, वरण टाक गं."

त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं प्रमिलेला वाटलं.

जेवणं झाली, कुणाला गेली नाहीत. अक्का आतल्या खोलीत कलंडल्या. गजानन पेपर तोंडावर घेऊन पडला. ओटा पुसता पुसता प्रमिलेच्या डोक्यात आलं आणि आल्याबरोबर तिची तिलाच लाज वाटली. तरी मागचं दार उघडून ती बाहेर गेलीच. बादलीतला केर तेवढा उचलून आत आणायचा, कुठेतरी कोपऱ्यात ठेवायचा, कुणाला कळणार आहे?

बादली रिकामी होती.

सफाईवाली येऊन गेली असणार. प्रमिला तिथेच पायरीवर बसली. समोर पेरूचं झाड होतं, वहिनींनी लावलेलं, आणि पेरू राघूंनी अर्धे खाल्लेले. सहा महिने तरी वहिनी हे पेरू बघणार नव्हत्या. या वाड्याहून त्या वाड्याला जावं तसं आपण बाग सेवनियातल्या आपल्या घरून पिपलानीला येतो, वहिनींशी भांडतो, लोणच्याच्या बरण्या नेतो, परत आणून देऊ म्हणतो आणि देत नाही. एकदाही हाक मारून नीट काही बोललो नाही. तिला रडू आलं. पदराने डोळे पुसून ती उठली आणि पुढच्या खोलीत पाणी द्यायला म्हणून गेली.

भाऊजी जमिनीवर बसले होते. दुखऱ्या गुडघ्यावर. शेजारी सुपली होती आणि सुपलीत सकाळचा सगळा केर. चिमटीने ते झबल्याच्या कातरणी एकेक करून शिलाई मशीनखाली टाकत होते. टाकली की जरा मागे सरून बघायचे, परत एक टाकायचे.

प्रमिला दारातच थांबली. पाण्याचा पेला हातात. या माणसाने आयुष्यभर अक्कांच्या असल्या गोष्टींना थोतांड म्हटलं होतं. ग्रहणात मुद्दाम जेवायला बसायचे. मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट देऊन स्कूटर पुढे काढायचे.

त्यांनी तिला पाहिलं. दचकले नाहीत. पण चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला.

"प्रमिला," ते म्हणाले, "सुतळी कपाटाशी होती की दाराशी?"

एखादा पार्ट कुठल्या भोकात बसतो हे मेकॅनिकला विचारावं, तितक्या गंभीरपणे विचारलं त्यांनी.

"दाराशी, भाऊजी," प्रमिला म्हणाली. पेला टेबलावर ठेवून ती खाली बसली. "आणि बाळंतशोप खाटेच्या पायापाशी. लाडवाचा भुगा मशीनच्या बाजूला."

"मुंग्या गेल्या सगळ्या."

"येतील. भुगा टाकला की येतील."

दोघांनी मिळून घर होतं तसं केलं. एकदा भाऊजी म्हणाले, "दार उघडं होतं ना सोमवारी? वाऱ्याने थोडं इकडे आलं असेल," आणि एक कातरण बोटभर सरकवली. पंखा त्यांनी आधीच बंद केला होता. उन्हं जाळीतून आत आली होती आणि त्यात तो सगळा केर स्पष्ट दिसत होता, सुलभावहिनी आत्ता उठून बाहेर गेल्यासारखा.

अक्का उठून आल्या. दारात थांबल्या. जमिनीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग लुगडं घोट्यापर्यंत उचलून, सुतळी ओलांडून, जाऊन आपल्या खुर्चीत बसल्या. "चहा कर गं प्रमिला," एवढंच म्हणाल्या. गजानन डोळे चोळत आला आणि केरात पाय टाकणार तेवढ्यात तिघंही एकदम म्हणाले, "अरे बघून!"

त्यानंतरची दुपार सकाळसारखी नव्हती. वाट बघणं तेच होतं, पण आता चौघं एका बाजूला होते. अक्कांनी वहिनींच्या लग्नातली रुखवताची गोष्ट काढली. गजाननाने गोल परत समोर घेतला आणि सिंगापूरला बोट ठेवून म्हणाला, "बारा तास इथे बसल्या असतील. वहिनींनी तिथेही कुणाला तरी लोणचं चाखवलं असेल." भाऊजी हसले. सोमवारनंतर पहिल्यांदा. मग त्यांनी एका पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना दिवस आणि रात्र असं ठळक लिहून तो कांचनच्या घड्याळाखाली खिळ्याला अडकवला.

सहा वाजले. अक्कांनी देवापाशी दिवा लावला. कुणी "उतरली" म्हणालं नाही.

साडेसातला फोन वाजला. भाऊजी उठले, केर चुकवत, गुडघा सांभाळत, आणि तरी सगळ्यांच्या आधी पोचले.

"हॅलो."

वहिनींचा आवाज एवढा मोठा होता की प्रमिलेला खाटेवर बसून ऐकू आला. पोचले हो. कांचनचं पोट केवढं मोठं आहे. मेथ्या काढून घेतल्या विमानतळावरच्या लोकांनी, डिंकाचे लाडू सोडले. सिंगापूरला एका तामिळ बाईने माझ्यासोबत डबा खाल्ला. आणि मग मध्येच थांबून, जरा हळू, "अहो, घर झाडलंत का?"

भाऊजींनी जमिनीकडे पाहिलं. कातरणी, सुतळी, बाळंतशोप. लाडवाच्या भुग्याला मुंग्या आल्या होत्या.

"नाही," ते म्हणाले. "तू पोचल्याशिवाय कोण झाडेल?"

भाऊजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. खोलीत तीन माणसं आहेत हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी पाठ वळवली नाही.

"येशील तेव्हा मी दिल्लीला येईन घ्यायला," ते म्हणाले. "विमानतळावर. आत सोडतात तिथपर्यंत येईन."

फोन ठेवून त्यांनी दारामागची झाडू उचलली, प्रमिलेच्या आधी, स्वतः.

"ठेव ती," अक्का म्हणाल्या. "दिवे लागलेत. दिवेलागणीनंतर केर काढत नाहीत."

भाऊजी झाडू हातात धरून क्षणभर उभे राहिले. वाद घालतील असं प्रमिलेला वाटलं. पण त्यांनी झाडू परत दारामागे आडवी ठेवली, खुर्चीपाशी आले, आणि कातरणींवर पाय पडू नये म्हणून पाय वर घेऊन मांडी घालून बसले.

"बरं," ते म्हणाले. "मग सकाळी."